रेघ कुठून ओढली ते बघा

एका लेखात म्हटलंय, यंदा जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीवर चरका पडला (थंडीने केळी करपली), म्हणजे तापमानवाढ थोतांड. अहो, एका हिवाळ्यावरून हे ठरत नाही. हवामानाची सरासरी 30 वर्षांची धरतात, सध्या 1991 ते 2020. आणि लेखासोबतचा जागतिक तापमानाचा आलेख 1998 पासूनच का? ते तीव्र एल निनोचं (प्रशांत महासागराचं पाणी तापतं तो काळ), फार तापलेलं वर्ष. तिथून रेघ ओढली की पुढची काही वर्षं सपाट दिसणारच. 1970 पासून ओढा, मग बोला.

उलट बाजूचे, तापमान फुगवून सांगणारेही काही कमी नाहीत! ‘भुसावळ 48 अंश’ म्हणून फिरणारा आकडा बरेचदा उन्हात धरलेल्या तापमापकाचा किंवा गाडीतल्या डिस्प्लेचा असतो. खरं मोजमाप जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत होतं. पत्र्याजवळ, डांबरालगत टांगलेला तापमापक जास्तच दाखवणार.