कुत्रा घुटमळला, कारण वास आपणच पुसला होता

आमच्या शहरात पंधरा दिवस एक निरोप फिरतोय. घरफोड्या वाढल्यात, श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायला दोन तास लागतात, आणि आलं तरी कुत्रा जरा घुटमळून गाडीत जाऊन बसतो. म्हणून नगरपरिषदेने स्वतःचा पोलीस कुत्रा घ्यावा: खर्च एकदाच, कुत्रा खोटं बोलत नाही, चोर, गांजा, बॉम्ब सगळं एकटा शोधतो. दोन तासांची तक्रार खरी आहे आणि इथे पथक असावं असं मलाही मनापासून वाटतं. पण बाकीच्या गोष्टींच्या भरवशावर ते मागितलं, तर वर्षभरात आपणच त्याला नावं ठेवू.

नगरपरिषदेला पोलीस ठेवण्याचा अधिकारच नाही. पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, श्वानपथक जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखालचं. नगरपरिषद फार तर जागा देईल.

‘खर्च एकदाच’ म्हणणाऱ्याने हस्तकाचा, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसाचा, विचार केलेला नाही. कुत्र्याबरोबर तोही महिनोन्‌महिने प्रशिक्षणाला जातो आणि परतल्यावर रोज सराव घेतो. सराव तुटला की शिकवलेलं विसरलं जातं. तो रजेवर गेला तर दुसरा लागतो, म्हणजे एका कुत्र्यामागे दोन शिपाई. त्यात आपली कोकणातली हवा. मे महिन्याच्या दमट उष्म्यात जाड केसांचा जर्मन शेफर्ड धापा टाकतो, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. दुपारच्या कातळावर पंजे भाजतात. पावसात गोचीड आणि लेप्टोचा ताप, गडग्याच्या दगडांत फुरसं. हवेशीर खोली, गाडी, पशुवैद्य हे सगळं आठ-दहा वर्षं पुरवावं लागतं.

‘कुत्रा खोटं बोलत नाही’ या वाक्याची मला भीती वाटते. तो खोटं बोलत नाही, पण चुकतो. हस्तकाचा संशय कुणावर आहे हे त्याच्या हालचालींवरून ओळखूनही वळतो. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्याने काढलेल्या मागाच्या पुराव्याला सहसा फारसं वजन देता येत नाही, असं म्हटलं. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या अंदाजावर सोडायचं का, हा प्रश्न तिथेच मांडला गेला. म्हणून कुत्रा पोलिसांना दिशा देतो, गुन्हेगार ठरवत नाही. पण वाडीत तो कुणाच्या खळ्यात थांबला, की संध्याकाळपर्यंत त्या घराचं नाव चोर म्हणून गावभर झालेलं असतं.

आता ते घुटमळणं. आमच्या शेजारी घर फुटलं तेव्हा पोलीस येण्याआधी आम्ही तीसेकजण पडवीतून माजघरापर्यंत फिरून आलो होतो. मीही त्यात होतो. काकींनी विस्कटलेले कपडे घडी घालून कपाटात ठेवले, कुणी फुटलेलं कुलूप हातात घेऊन बघितलं, कुणी अंगण झाडलं. कुत्रा आला तेव्हा चोराच्या वासावर आमच्या तीसजणांचा वास चढला होता. तो पाखाडी उतरून डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि थांबला. चोर तिथून गाडीवर बसून गेला असेल, तर जमिनीवरचा मागही तिथेच संपला. त्यात कुत्र्याचा दोष काय? शिवाय आपल्याकडची कितीतरी घरं चाकरमान्यांची. चोरी आषाढात होते आणि कळते गणपतीला कुलूप काढल्यावर. तोवर मुसळधार पावसाने अंगणातला माग केव्हाच धुऊन नेलेला असतो. तिथे शहरात दहा कुत्रे असले तरी उपयोग नाही.

‘सगळं एकटा’ हेही नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईला ज्याने अनेक जीव वाचवले तो जंजीर स्फोटकं शोधणारा लॅब्राडोर होता. माग काढणाऱ्याचं शिक्षण वेगळं, अमली पदार्थ शोधणाऱ्याचं वेगळं. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती. ते आठवलं तर मला आपल्या पट्ट्यासाठी अमली पदार्थांचा कुत्रा आधी हवासा वाटतो.

तेव्हा अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे करा, निधीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे जा, आणि कुत्र्याबरोबर दोन हस्तकांची पदंही लिहून मागा. तोवर पुढचं घर फुटेल तेव्हा आपण सगळ्यांनी अंगणाच्या फाटकाबाहेर थांबायचं, कुलपाला हात लावायचा नाही आणि काकींना केरसुणी उचलू द्यायची नाही.