'अर्धी बाटली फेकली, बिल पूर्ण लावलं' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आईंना उपाशीपोटी दीड तास बाकावर बसावं लागलं, कुणी पाणीही विचारलं नाही, याबद्दल माफ करा. चूक आमची.

पण 'डोळ्यांदेखत अर्धी बाटली फेकली' हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. आजकाल पेशंट स्टार बघून येतात आणि मशीनचा हप्ता काही थांबत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आईंची तपासणी म्हणजे किडनीतला रक्तप्रवाह बघायची, शिरेत औषध टोचून करायची सोनोग्राफी. ती कुपी त्याच औषधाची, सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांची. पावडरीत सलाइन घालून हलवलं की साधारण पाच मिली औषध होतं. त्यातलं एक-दीड मिली शिरेतून दिलं की दहा-पंधरा सेकंदांत पडद्यावर किडनीचा बाहेरचा थर उजळतो, मग आतला. हे उजळणं एका वेळी एकाच किडनीचं नीट बघता येतं. म्हणून उजवीला एक डोस, बुडबुडे विरल्यावर डावीला दुसरा. उरलेलं टाकून द्यायचं, एक कुपी एकाच तपासणीला, हे कंपनीच्या कागदावरच छापलेलं आहे. तयार केलेलं औषध सहा तासांपलीकडे चालतही नाही. दुसऱ्याचं उरलेलं आईंना टोचलं असतं तर चाललं असतं का? आम्हालाही कुणी अर्धी कुपी विकत नाही हो.

'डाय देऊन किडनी बिघडवतात' असंही लिहिलंत. सीटी स्कॅनचा आयोडीनवाला डाय वेगळा. हे बुडबुडे तांबड्या पेशीपेक्षा लहान, रक्तवाहिनीतच फिरतात, आणि वायू श्वासावाटे निघून जातो. किडनीला ते गाळावे लागत नाहीत. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते) वाढलेलं म्हणूनच तर तुमच्या डॉक्टरांनी हे लिहून दिलं. फार मंद रक्तप्रवाह साध्या डॉपलरला, म्हणजे औषध न टोचता रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीला, पकडता येत नाही; रक्त हळू जातंय की जातच नाही, ते यात कळतं. आईंच्या रिपोर्टबद्दल इथं काही लिहिणार नाही.

आणि वेळ. अपॉइंटमेंट साडेनऊची, रजिस्टरला पावणेअकरा. जतहून येताना गाडी चुकते, समजू शकतो. पण तोवर दुसरे पेशंट आत घेतले म्हणून काउंटरवरच्या मुलीला 'माजलात' म्हणालात, ते रिव्ह्यूत नाही. दीड तासातला शेवटचा अर्धा तास तर रिअॅक्शन येते का बघायला मुद्दाम बसवलं होतं.

दराचा बोर्ड लावतोय, पाण्याचंही बघतो. बिलाबद्दल अजून शंका असेल तर कागद घेऊन या, दुपारी दोननंतर मी असतोच.