बेट सोडणाऱ्यांनी बेट विकलं का? – एका हरकतीला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा बराच कमी. प्रतिसादाच्या रकान्यात हे मावणार नाही, म्हणून इथेच लिहितो.

इतरांसाठी थोडक्यात: ट्रिनिदादच्या सॅम सेल्वनच्या 'द लोन्ली लंडनर्स'वर, म्हणजे लंडनला आलेल्या कॅरिबियन पोरांच्या कादंबरीवर, मी लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं की कॅरिबियन लेखक बेटं सोडून लंडन-न्यूयॉर्कला गेले, तिथे बसून गोऱ्या वाचकाला बेटाची हळहळ विकली आणि मागे राहिलेल्यांची कुणी दखलच घेतली नाही. शिवाय, निवेदनही बोलीत असलेली ही पहिली कॅरिबियन कादंबरी, हे माझं विधान चूक आहे. सेल्वनच्या लंडनमध्ये बायका दिसत नाहीत, हीही त्यांची तक्रार. आणि त्यातल्या मुख्य पात्राला, मोझेसला, मी 'चाकरमानी' म्हटलं ते त्यांना खटकलं.

'पहिली' हे सपशेल चूक, मान्य. व्ही. एस. रीड यांची 'न्यू डे' १९४९ची, सेल्वनची कादंबरी १९५६ची. 'न्यू डे'मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा जमैकातल्या १८६५च्या मोरांट बेच्या उठावापासूनची हकीकत आपल्या जमैकन बोलीतच सांगतो. पण आता गंमत बघा. रीड हे जमैकातले पत्रकार, लंडनला जाऊन स्थायिक झालेल्यांतले नव्हेत. तरी त्यांचं पुस्तक छापलं कुणी? न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेने. म्हणजे लेखक घरी राहिला तरी पुस्तकाला बोटीत बसावंच लागलं. तुमचा राग लेखकांच्या पत्त्यावर आहे; माझा छापखान्याच्या पत्त्यावर आहे.

याचा सगळ्यात अजब नमुना बीबीसीच्या 'कॅरिबियन व्हॉइसेस'चा. जमैकन कवयित्री ऊना मार्सननं १९४३मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम पुढे हेन्री स्वॉन्झी या आयरिश माणसानं वाढवला आणि १९५८पर्यंत तो चालला. रीत अशी: बेटावरच्या लेखकानं कथा-कविता पाठवायची, ती लंडनमध्ये निवडली जायची, तिथल्या स्टुडिओत वाचली जायची आणि लघुलहरींवरून परत बेटांवर ऐकू यायची. बार्बाडोसच्या माणसाला शेजारच्या सेंट लुशियातला कवी ऐकायचा तर तो लंडनमार्गे! मानधन मिळायचं तेही तिथूनच. अशा अवस्थेत १९५०मध्ये सेल्वन आणि बार्बाडोसचा कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग एकाच बोटीनं इंग्लंडला निघाले, तर त्यांना पळपुटे म्हणवत नाही.

आता हळहळीबद्दल. सेल्वनचा वॉटर्लू स्टेशनचा प्रसंग परत एकदा काढून बघा. मोझेस थंडीतल्या एका संध्याकाळी कुणा अनोळखी ट्रिनिदादवाल्याला उतरवून घ्यायला गेलाय. तो, म्हणजे गलाहाद, गाडीतून उतरतो उन्हाळी कपड्यांत, सामान शून्य, आहे तो दात घासायचा ब्रश. त्याच गाडीनं मोझेसच्या ओळखीच्या टॉलरॉय या जमैकावाल्याची आई यायची असते; प्रत्यक्षात टँटी मावशीसकट अख्खं खटलं उतरतं आणि टॉलरॉयला घाम फुटतो. तेवढ्यात एक वार्ताहर मोझेसला गाठतो: जमैकाहून आलात का, तिकडे कसं काय आहे? मोझेस ट्रिनिदादचा, कित्येक वर्षं लंडनमध्ये मुरलेला. तो बेधडक वादळाची थाप मारतो: घरात बसलो होतो, वर बघतो तर आकाश, छप्परच उडालेलं. वार्ताहर पुढे टॉलरॉयच्या कुटुंबाकडे वळतो, टँटी फोटोसाठी सगळ्यांना उभं करते आणि तो फोटो पेपरात येतो. यात हळहळ विकणारा कोण आहे? विकत घ्यायला टपलेला तो वार्ताहर आहे, आणि मोझेस त्याला बनावट माल देतो. तुमचा आरोप सेल्वननं १९५६मध्येच पुस्तकात घालून ठेवलाय, उलटा करून.

(हा सगळा कॅलिप्सोचा, म्हणजे ट्रिनिदादच्या थट्टेखोर गाण्यांचा बाज. आपल्याकडे कॅलिप्सो माहीत आहे तो १९७१च्या दौऱ्यातल्या ७७४ धावांनंतर लॉर्ड रिलेटरनं गावसकरवर रचलेल्या गाण्यामुळे. तीच थट्टा आणि तीच पटकन नाव पाडायची खोड सेल्वनच्या गद्यात आहे.)

खरं सांगायचं तर 'बेटावरचं जगणं' आणि 'बेट सोडणं' असे दोन कप्पे तुम्ही केलेत, ते मला पटत नाहीत. लॅमिंगच्या 'इन द कॅसल ऑफ माय स्किन'मधलं बार्बाडोसचं गाव घ्या. गावातल्या म्हाताऱ्यानं तरुणपणी पनामात पैसा केलेला, मित्र ट्रंपर अमेरिकेहून परतलेला आणि सांगणारा पोरगा शेवटी मास्तरकीसाठी ट्रिनिदादला निघालेला. अजून लंडनचं नावही नाही. पनामाचा कालवा खणायला बार्बाडोस-जमैकाची माणसं गेली, क्यूबात ऊस तोडायला गेली. कॅरिबियन माणसांना इंग्लंडला आणणाऱ्या 'एम्पायर विंडरश' बोटीतून लोक लंडनजवळच्या टिलबरीला उतरले ते थेट २२ जून १९४८ला. त्या गावातल्या माणसाचं आयुष्य लिहायचं तर बोट येणारच.

सेंट लुशियाच्या डेरेक वॉल्कॉटच्या 'द स्कूनर फ्लाइट' या कवितेतला शबीन तर लंडनला जातच नाही. ऑगस्टमधल्या पहाटे झोपलेल्या मारिया कन्सेप्शनच्या उशाशी दिवा मालवतो आणि 'फ्लाइट' नावाच्या गलबतावर खलाशी म्हणून निघतो. टॅक्सीवाला त्याला बघून म्हणतो, या वेळी खराच निघालास की! त्याला घालवलं कुणी? गोऱ्या साहेबानं नव्हे. स्वतंत्र ट्रिनिदादच्या मंत्र्यासाठी त्यानं चोरटी व्हिस्की आणलेली असते आणि प्रकरण अंगाशी येतं. ही कविता गोऱ्या वाचकाला गोंजारायला लिहिली असं मला तरी म्हणवत नाही.

आणि मागे राहिलेले? त्यांचा आवाज ऐकायचा तर लुईझ बेनेट, जमैकाची मिस लू. 'कलोनायझेशन इन रिव्हर्स' ही तिची कविता किनाऱ्यावरूनच बोलते. एक बाई मिस मॅटीला बातमी सांगतेय: बोटी भरभरून, विमानं भरभरून आपली माणसं मायदेश इंग्लंडला चाललीत, इतिहास उलटा करायला! ओट्यावरची कुचाळकी आहे ती अक्षरशः, आणि जाणाऱ्यांचीही त्यात सुटका नाही. जेन तिथे बेकारभत्त्यावर जगत कोचावर पडून प्रेमकथा वाचते, हेही त्यात आहे. बेनेटला कितीतरी वर्षं कवी मानायलाच लोक तयार नव्हते, कारण भाषा बाजारातली. मागे राहिलेल्यांचं कुणी लिहिलं नाही असं नाही. त्याला साहित्य म्हणायला उशीर झाला. माझ्याही लेखात ती नव्हती, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतंत.

एका ठिकाणी मात्र तुमचं बरोबर आहे. सेल्वनच्या लंडनमध्ये टँटी सोडली तर बायका जवळपास नाहीतच; आहेत त्या पोरांच्या गप्पांपुरत्या. ती बाजू बघायची तर अँटिग्वाच्या जमैका किंकेडची 'ल्यूसी' (१९९०) वाचावी लागते. दुसऱ्याची मुलं सांभाळायला अमेरिकेत आलेली पोरगी आईची पत्रं येतात ती फोडतच नाही. मग बाप गेल्याचं कळतं आणि ती साठवलेले सगळे पैसे घरी पाठवून देते. पत्र फोडायचं नाही पण पैसे पाठवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या हातून होतात, आणि तिथे हळहळीचा मागमूस नाही, राग आहे.

राहता राहिला 'चाकरमानी'. तो मला सुचला मोझेसच्या खोलीवरून. रविवारी सकाळी सगळी पोरं तिथे जमतात, कोणाला काम लागलं, कोणाची जागा सुटली. मला परळ-लालबागची गावकीची खोली आठवली. पण चाकरमानी गणपतीला गावी जातो, आणि मोझेस दर हिवाळ्यात पुढच्या वर्षी परत जाईन म्हणतो आणि तिथेच राहतो. एवढा फरक एका शब्दाखाली झाकला जात असेल तर तो शब्द तोकडाच. मूळ लेखात 'पहिली' काढून तिथे रीडचं नाव घातलंय. 'चाकरमानी' ठेवलाय, पण खाली तुमची हरकत जोडून. याहून बरा शब्द सुचला तर सांगा, बदलतो.