लॅपटॉपच्या कीबोर्डवर सॅनिटायझर फवारायचं नसतं

"कीबोर्ड टॉयलेट सीटपेक्षा घाण! सॅनिटायझर किंवा डेटॉलचं पाणी फवारा, हेअर ड्रायरने वाळवा, अक्षरांवरचे डाग नेलपॉलिश रिमूव्हरने काढा." हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या मावशीपर्यंत पोचलाय, आणि ती बाटली घेऊन तयार आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी फवारणी, कारण वाट तिथेच लागते. बटणाखाली रबरी घुमटी असते, तिच्याखाली प्लास्टिकच्या पातळ थरांवर छापलेल्या विजेच्या रेषा. वरून मारलेला फवारा फटीतून थेट या थरांमध्ये शिरतो आणि तिथेच अडकून बसतो. अल्कोहोल उडून जातं हो, पण सॅनिटायझर म्हणजे नुसतं अल्कोहोल नव्हे. त्यात ग्लिसरीन असतं, जेल असेल तर घट्ट करणारं द्रव्य आणि वासही. ते सगळं मागे राहतं. बटणं चिकटतात, रेषा गंजतात, आणि एकेका रेषेवर अनेक बटणं असल्यामुळे चार-पाच एकदम मरतात. बऱ्याच मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला रिव्हेटने पक्का बसवलेला असतो, म्हणजे बदलायचं तर अख्खं कव्हर.

डेटॉल तर त्याहून वाईट. त्यात ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल हे जंतुनाशक, शिवाय पाइन तेल आणि साबण. यातलं काय उडून जाणार?

हेअर ड्रायरची गरम हवा ओल बाहेर काढण्याऐवजी आणखी आत ढकलते, बटणांना उचलून धरणाऱ्या, कात्रीसारख्या नाजूक प्लास्टिकच्या दांड्या वाकवते, आणि हाताच्या टेकूखाली बहुधा लिथियम बॅटरी असते. तिला भाजायचं कशाला?

नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन बटणांचं प्लास्टिकच विरघळवतं. डागासोबत अक्षरही जातं.

टॉयलेट सीटचं अर्धसत्य मान्य करावं लागेल. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या चार्ल्स गेर्बा यांच्या मोजणीत ऑफिसच्या टेबलांवर आणि कीबोर्डवर सीटपेक्षा जास्त जीवाणू सापडले होते. त्या अभ्यासाला पैसा क्लोरॉक्स या जंतुनाशक कंपनीचा होता, हे फॉरवर्डमध्ये नसतं. सीट रोज घासली जाते, कीबोर्ड कोणी घासत नाही, एवढंच. आणि जीवाणूंची संख्या म्हणजे आजार नव्हे.

अल्कोहोल जंतू मारतं, हेही खरं. अ‍ॅपलच्या अधिकृत सूचनांमध्येच ७० टक्के आयसोप्रोपिल किंवा ७५ टक्के इथिल अल्कोहोलच्या वाइप्सना परवानगी आहे. पण त्याच सूचना सांगतात की क्लीनर थेट उपकरणावर फवारू नका, ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका, कुठल्याही फटीत ओल जाऊ देऊ नका. फॉरवर्डवाल्याने तेवढं सोयीस्कर गाळलं. ९९ टक्केवालं अल्कोहोल जास्त कडक म्हणून घेऊ नका. ते फार लवकर उडतं, आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच.

करायचंय? लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद. चार्जर आणि पेनड्राइव्ह काढा. उलटा धरून हलके थोपटा, मऊ ब्रशने फटीतला कचरा काढा. मग मायक्रोफायबर कापड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दमट करा. पिळलं तर थेंब पडता कामा नये. एकेक ओळ पुसा, बटणांच्या कडांना इअरबड. पृष्ठभाग अर्धा मिनिट तरी ओलसर दिसला पाहिजे, लगेच कोरडा झाला तर पुन्हा पुसा. अक्षरांवर जोर लावून घासू नका. पंधरा मिनिटं उघडा ठेवून मगच सुरू करा.

फवारून झालंच असेल तर लगेच बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा उलटा ठेवा आणि चालू करून न बघता दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात नको.