‘थोडासा खाऊ दिला तर काय बिघडतं?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

फेरेटला, म्हणजे घरात पाळल्या जाणाऱ्या त्या लांबुडक्या मांसाहारी प्राण्याला, दिवाळीचा फराळ देऊ नका, असं मी गेल्या लेखात लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तुम्ही रागावलात, ते कळलं. पण मुद्द्यांकडे वळण्याआधी तुमच्या शेवटच्या दोन ओळींबद्दल बोलू द्या, कारण त्या वाचल्यापासून मला चैन नाही. नातवाच्या फेरेटबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘गुंड्या हल्ली जरा जास्त झोपतो. उठवला तर थोडा वेळ एकटक कुठेतरी बघत बसतो, मग येतो खेळायला. पण चार वर्षांचा झाला आता, वय दिसणारच.’

हे वय नसेलही. फेरेट एरवीसुद्धा दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो, त्यामुळे त्याची झोप वाढलेली चटकन कळत नाही. तुम्हाला कळली, म्हणजे ती बरीच वाढली असणार. एकटक बघत राहणं, मागच्या पायांतली ताकद गेल्यासारखं होणं, लाळ गळणं, पुढच्या पंजांनी तोंड खाजवणं, ही रक्तातली साखर खाली गेल्याची लक्षणं असतात. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ होते, तिला इन्सुलिनोमा म्हणतात. अमेरिकेतल्या मध्यमवयीन फेरेटमध्ये ती इतकी सर्रास आढळते की फेरेटची माहिती असलेला डॉक्टर असं वर्णन ऐकलं की आधी साखरच तपासतो. तर गुंड्याला याच आठवड्यात न्या. फक्त कुत्री-मांजरं बघणारे डॉक्टर नकोत, फेरेट-ससे बघणारे शोधा, इथे अमेरिकेत ज्यांना ‘एक्झॉटिक’ म्हणतात ते. आणि आपल्या शुगर टेस्टसारखं त्याला रात्रभर उपाशी ठेवू नका. तीन-चार तासांचा उपास पुरतो, तोही डॉक्टरांना विचारून. गाठ असेल तर रात्रभराच्या उपासाने त्याला झटके येऊ शकतात.

बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. फोन मात्र आजच करा.

आता तुमचं म्हणणं. तुम्ही लिहिता की नातवाच्या या फेरेटला चार वर्षं तुम्ही रोज चहाच्या वेळी चिमूटभर शेव, चार-पाच बेदाणे, कधी चीरिओज (नाश्त्याच्या त्या ओट्सच्या कड्या) देत आलात आणि त्याला काहीही झालं नाही. गावाकडे कुत्री-मांजरं भाकर-दुधावरच वाढली. गोड खाल्ल्याने गाठ होते, याला माझ्याकडे पुरावा काय? आणि साखर एवढी वाईट, तर मुलाच्या मित्राच्या फेरेटला डॉक्टरांनी मध चाटवायला कसा सांगितला? शिवाय तुमच्या घरात मांस शिजत नाही, मग त्या जिवाने काय नुसत्या गोळ्याच खायच्या का?

पुराव्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. ‘गोड खाऊ घातला की गाठ होतेच’ असं मी लिहिलं होतं. असं सिद्ध झालेलं नाही. युरोपात, जिथे फेरेटना अख्खे उंदीर, कोंबडीची पिल्लं, कच्चं मांस देण्याची पद्धत जास्त आहे, तिथे हा आजार अमेरिकेच्या मानाने कमी दिसतो, म्हणून पिष्ट आणि साखरेवर संशय आहे. पण इथल्या फेरेटची नसबंदी फार लहानपणी होते, त्यांची पैदासही मोजक्या ठिकाणी होते. ही सगळी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. ते वाक्य मी लेखात दुरुस्त केलं आहे.

पण ‘काही झालं नाही’ हे मात्र मला पटत नाही, आणि ते मी स्वतःच्या घरात शिकले. आमची फेरेट चिंगी कोलंबस शहरातल्या या घरात आली तेव्हा तीन महिन्यांची होती. कोणाकडून तरी मिळालेल्या एका जुन्या पुस्तकात फेरेटचा आवडता खाऊ म्हणून चक्क बेदाणे दिले होते. मीही द्यायचे. पुडी सळसळली की ती पलंगाखालून धावत यायची आणि माझ्या पायाला बिलगायची. साडेचार वर्षं ‘काही झालं नाही’. मग एका सकाळी ती पिंजऱ्यात ओल्या फडक्यासारखी पडलेली दिसली. डोळे उघडे, तोंडाला फेस, मागचे पाय हलेनात. दवाखान्यात साखर निघाली ४८. फेरेटची साधारण ९० ते १२० असते आणि ६०-७० च्या खाली गेली की या गाठीची दाट शंका घेतात. शस्त्रक्रिया झाली, पुढे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध सुरू झालं, दर चार तासांनी खायला घालण्यासाठी मी रात्री गजर लावून उठत होते. चौदा महिने मिळाले तिला. बेदाण्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं की त्याआधीचे दोन-तीन महिने तीही जरा जास्त झोपत होती, आणि मीही वयच म्हणत होते.

फेरेट साधारण ६ ते ८ वर्षं जगतो. चार वर्षं म्हणजे त्याचं अर्धं आयुष्य, आणि त्याचे बहुतेक आजार उरलेल्या अर्ध्यात डोकं वर काढतात. म्हणून चार वर्षांच्या निरोगी काळावरून खाऊचा निकाल लागत नाही.

आता मध. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्याच्या उत्तरात सगळं आलं. गाठ इन्सुलिन सोडत राहते, साखर खाली जाते, मेंदू उपाशी पडतो. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध लावला तर तो शुद्धीवर येतो, जीव वाचतो. डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी बरोबर. पण त्याच मधाने रक्तातली साखर झपाट्याने चढते, ते पाहून गाठ आणखी इन्सुलिन सोडते, आणि थोड्या वेळाने साखर पहिल्यापेक्षाही खाली जाऊ शकते. म्हणून मधानंतर, गिळण्याइतकी शुद्ध आली की लगेच मांस खायला द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. मध हे आग लागल्यावरचं पाणी आहे. धडधाकट दिसणाऱ्या, पण आत गाठ असलेल्या फेरेटला रोज चहाच्या वेळी गोड दिलं, तर हाच झोपाळा रोज वर-खाली होत राहतो. हेही लक्षात ठेवा: झटका चालू असताना त्याच्या तोंडात बोट घालू नका. कापूस गुंडाळलेल्या काडीने मध फक्त हिरडीला लावा, घशात ओतू नका.

भाकर-दुधाचं म्हणाल तर कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. तो हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त झाल्या आहेत. फेरेटला आपण सोबत ठेवलं ते सशांच्या बिळात सोडायला. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना अशाच एका प्राण्याचं वर्णन केलंय. आपल्याकडे बरेच जण फेरेटला मुंगसाचा भाऊ समजतात, पण तो पाणमांजराच्या कुळातला, निव्वळ मांसाहारी. आतडं आखूड, आंत्रपुच्छ असतं त्या जागेची ती पिशवी त्याला नाहीच. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. तंतुमय पदार्थ, डाळीचं पीठ, धान्य यांचं काही करायला त्या आतड्याला वेळही नाही आणि साधनही नाही. गंमत म्हणजे तुमच्या भाकर-दुधाचा प्रयोग इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या झालाय. तिथले ससे धरणारे लोक फेरेटना पाव-दूध घालायचे. परिणाम पातळ शी आणि किडकिडीत जनावरं. दुधातली लॅक्टोज साखर मोठ्या फेरेटला पचत नाही.

आता तुमच्या डब्याकडे येते. चीरिओजच्या दोन-तीन कड्यांनी कोणी मरत नाही, हे मान्य. पण बेदाणे आजपासून बंद. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे गेल्या २०-२५ वर्षांत स्पष्ट झालंय. ती जुनी पुस्तकं त्याआधीची. फेरेटवर तेवढा अभ्यास नाही, पण वजन बघा ना. गुंड्या समजा ८०० ग्रॅमचा असेल आणि माणूस ६० किलोचा, तर आपण त्याच्या ७५ पट. अर्ध्या ग्रॅमचा एक बेदाणा म्हणजे त्याच्या हिशोबाने आपण ३७ ग्रॅम खाल्ल्यासारखं, एक मूठ. पाच बेदाणे म्हणजे जवळजवळ १९० ग्रॅमच्या घरात जातो आपण. ‘चिमूटभर’ हे माप आपल्या बोटांचं आहे, त्याच्या पोटाचं नाही.

आणि चिवडा. तुम्ही चिवड्याचं नाव घेतलं नाहीत, पण फराळाचा डबा उघडा राहतो, आणि फेरेट कशातही तोंड घालतो. नाशिककडच्या चिवड्यात तळलेला कांदा, दुसऱ्या कुठल्यात लसूण, कशात बेदाणे, वर शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, फेरेटलाही त्यापासून लांबच ठेवायला सांगतात. शेंगदाणा किंवा खोबऱ्याचा कडक तुकडा त्याच्या आतड्यात अडकू शकतो, आणि अडकला की बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. लसूण शेवेबद्दल वेगळं काय सांगू. चॉकलेट नको. शुगर-फ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, त्याने कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत कोसळते, तेव्हा ते घरात उघड्यावर नकोच. खाऊ नसलेली पण टेबलावर पडून राहणारी एक गोष्ट याच रांगेत येते, तुमची गुडघेदुखीची गोळी. आयबुप्रोफेन फेरेटला फार थोड्या मात्रेतसुद्धा जीवघेणं ठरतं.

डाळीच्या पिठाचं एक राहिलं. वनस्पतीजन्य प्रथिनांनी फेरेटची लघवी अल्कधर्मी होते आणि मूत्राशयात खडे धरतात. म्हणजे ‘शेवेत प्रोटीन असतंच की’ हे तुमचं वाक्य माणसासाठी खरं, त्याच्यासाठी नाही.

घरात मांस शिजत नाही, हे तुम्ही जरा संकोचून लिहिलंत. संकोच कशाला? तुमचं स्वयंपाकघर तुमचं. माझ्या सासूबाई पण आमच्याकडे येतात तेव्हा तसंच असतं. पण फेरेट शाकाहारी होऊ शकत नाही, तो ते सोसूच शकत नाही. तेव्हा मार्ग असा की काही शिजवायचंच नाही. फ्रीज-ड्राय केलेल्या चिकनचे कोरडे तुकडे पाकिटात मिळतात. कोरडे, हाताला न चिकटणारे, वासही थोडा. पाकिटावर घटकपदार्थ एकच असावा: चिकन. किंवा टर्की. फेरेटसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खाऊतसुद्धा गूळपाक आणि सुकी फळं असतात, त्यामुळे पाकिटावरच्या फेरेटच्या चित्रावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. बाळांच्या चिकनच्या बरण्या चालतात, पण कांद्याची पूड नाही ना, ते बघून. त्याच्या रोजच्या गोळ्यांमध्ये प्रथिनं ३५ टक्क्यांच्या आसपास आणि स्निग्धांश २० टक्क्यांच्या जवळ असावा, पहिले दोन-तीन घटक मांसाचे असावेत, मटार आणि डाळी वरच्या ओळींत नसाव्यात. एवढं असलं तर त्याला वरच्या खाऊची गरजच नाही.

गरज नाही, पण तुम्हाला द्यायचा असतो, आणि ते मला समजतं. चार वाजता चहाची भांडी वाजली की तो येतो, तुमच्या सदऱ्याच्या बाहीत शिरतो, हे तुम्ही इतकं छान लिहिलंय. ती वेळ मोडू नका. डबा तोच ठेवा, आतला खाऊ तेवढा बदला. पहिले काही दिवस तो चिकन हुंगून निघून जाईल, कारण फेरेटची चव पहिल्या काही महिन्यांतच पक्की होते आणि नवीन वास म्हणजे त्याला अन्नच वाटत नाही. तेव्हा तुकडा चुरून किंचित कोमट पाणी शिंपडा आणि बोटाने त्याच्या ओठाला लावा, चाटून बघेल. चिंगीला नऊ दिवस लागले होते. मग पुडीच्या आवाजाला ती जशी यायची, तशीच या पाकिटाच्या आवाजालाही यायला लागली.

डॉक्टरांची वेळ मिळाली की कळवा. आणि ग्लुकोजचा जो आकडा येईल, तो इथेच खाली लिहा, मी रोज येऊन बघणार आहे.