ड्रॉवरच्या पट्ट्यांबद्दल आलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टूलबॉक्सच्या ड्रॉवरमध्ये कप्पे करायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या दुकानातून 6 मिमी प्लायच्या पट्ट्या कापून नेल्या, पण पट्ट्या एकमेकींत अडकवून जाळी करायला लागणाऱ्या खाचा आम्ही पाडून दिल्या नाहीत. घरी पाडल्या तर जोड ढिले झाले आणि ड्रॉवर ओढला की सगळी जाळी खडखडते. एक पट्टी आत उतरेचना. पावसाळ्यात एक फुगली. यापेक्षा रेडिमेड प्लास्टिकचे ट्रे बरे, असं शेवटी लिहिलंत. उद्या हे वाचून दुसऱ्या कोणी घरी कप्पे करायचा बेतच सोडून देऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

फुगलेली पट्टी आमच्या प्लायची नाही. तुमच्याच फोटोत तिची कड बघा. प्लायच्या कडेला एकावर एक बसवलेले थर दिसतात. या पट्टीची कड सगळीकडून सारखी तपकिरी आहे, म्हणजे ती एमडीएफ आहे. घरात पडलेला तुकडा वापरला असावा, त्यात गैर काहीच नाही. पण एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक दाबून केलेला बोर्ड. त्याची कापलेली कड उघडी राहिली की ती आपल्याकडच्या जुलैतली दमट हवा ओढून घेते आणि जाडीत फुगते. तुम्ही नेलेली प्लाय आयएस 303 या भारतीय मानकाची, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या ग्रेडची आहे. टूलबॉक्सला आयएस 710 ची मरीन प्लाय लागत नाही, तो खर्च उगाच होतो. एमडीएफचा तुकडा ठेवायचाच असेल तर चारही कडांना फेविकॉल पाण्यात पातळ करून दोन हात द्या, वाळल्यावर वार्निश मारा.

आता ढिल्या जोडांचं. पावतीवर 6 मिमी लिहिलं आहे म्हणून तुम्ही खाचही 6 मिमीची आखलीत, हे फोटोतल्या पेन्सिलच्या रेघांवरून कळतं. बाजारात 6 मिमी म्हणून येणारी प्लाय कॅलिपरमध्ये धरली तर बऱ्याचदा थोडी कमी भरते. त्यात करवतीच्या पात्याची जाडी असते. रेघेवरूनच करवत चालवली की दोन्ही बाजूंनी थोडं थोडं लाकूड जातं आणि खाच पट्टीपेक्षा रुंद होते.

यासाठी मोजपट्टी बाजूलाच ठेवायची. पट्टीचाच एक उरलेला तुकडा दुसऱ्या पट्टीवर आडवा, कडेवर उभा धरायचा, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून सरळ करायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना कटरने रेघ ओढायची, पेन्सिलने नाही. कटरने वरचा थर चिरला जातो, त्यामुळे करवत फिरताना प्लायची सालं निघत नाहीत. मग करवत दोन रेघांच्या आतून चालवायची. इंचाला 24 दात्यांचं हॅक्सॉ पातं यासाठी उत्तम. खोली पट्टीच्या निम्म्या उंचीपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवायची. पट्टी 50 मिमी उंच असेल तर साडेपंचवीस. नाहीतर जाळी वर तरंगते आणि तळाला टेकत नाही. मधला तुकडा पटाशीने काढायचा आणि चपटी कानस दोनदा फिरवून बघायचं. जोड हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागली तर खाच अरुंद आहे, आपोआप खाली घसरला तर रुंद.

समान अंतरावर खाचा हव्या असतील तर सगळ्या पट्ट्या एकत्र शिकंज्यात धरून एकदमच कापा. वेगवेगळ्या आखल्या की एखादी तरी चुकते आणि जाळी तिरकी होते.

तुमच्या झालेल्या खाचा फेकू नका. फट किंचित असेल तर खाचेच्या एका बाजूला पोस्टकार्डाची पट्टी फेविकॉलने चिकटवा. मिलिमीटरभर असेल तर सनमायकाचा तुकडा लावा. खडखडाट थांबेल.

उतरत नाही म्हणालात त्या पट्टीचं कारण साधं आहे. पत्र्याच्या ड्रॉवरची वरची कड आत वळवलेली असते, म्हणजे हाताला धार लागत नाही आणि पत्रा ताठ राहतो. त्यामुळे ड्रॉवरचं तोंड तळापेक्षा लहान असतं. तुमच्या चिठ्ठीवर तळाचं माप होतं आणि आम्ही त्याच मापाने कापलं. पट्टी तोंडाच्या मापापेक्षा मिलिमीटरभर कमी करा. मग वळलेल्या कडेखाली ड्रॉवरच्या भिंतीला, कड जितकी आत येते तितक्याच जाडीची पट्टी डबल टेपने लावा. भिंत आणि कड एका रेषेत आली की जाळी हलत नाही. उंचीही बघा, वरच्या ड्रॉवरच्या तळाला पट्टी घासता कामा नये.

खाचा आम्ही पाडून देत नाही, आणि हा नियम मी विचार करून ठेवला आहे. लांबीचं माप ड्रॉवर सांगतो. खाच कुठे यायची ते हत्यारं सांगतात, आणि ती आमच्यासमोर नसतात. आधी रिकाम्या ड्रॉवरच्या तळाला वर्तमानपत्र अंथरा. त्यावर रोज लागणारी हत्यारं पुढे, क्वचित लागणारी मागे अशी मांडा. प्रत्येकाभोवती बोट आत जाईल इतकी जागा सोडा आणि मग रेघा मारा. स्क्रू ड्रायव्हर एकाची मूठ पुढे, दुसऱ्याची मागे ठेवले तर कमी जागेत मावतात. जाळी ड्रॉवरला चिकटवू नका. नवीन पाना आला की मांडणी बदलावी लागतेच.

प्लास्टिकचे ट्रे वाईट नाहीत. नट, वॉशर, छोटे स्क्रू यांना ते चांगलेच, आम्हीही विकतो. पण त्यांचे कप्पे ठरावीक मापाचे. 12 इंची पाइप पाना त्यात आडवा टाकला की खालचे चार कप्पे वाया जातात.

एवढं तळमळीने लिहितो कारण माझं गिऱ्हाईक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधलं आहे. एकाच ड्रॉवरात कोंबलेल्या कानशी मी रोज बघतो. एकमेकींवर घासून त्यांचे दाते बोथट होतात, चांगली कानस वर्षाच्या आत टाकून द्यावी लागते. ड्रिल बिटच्या टोकांचीही तीच गत. आणि लेथवाल्याला तर मी हात जोडून सांगतो, चकच्या, म्हणजे लेथवर काम पकडून फिरणाऱ्या जबड्याच्या, चावीला स्वतंत्र कप्पा करा. तो कप्पा रिकामा दिसला की मशीनचं बटण दाबायचं नाही. चकमध्ये राहिलेली चावी मशीन चालू होताच उडते आणि समोर माणूस उभा असतो. तुमच्या घरी लेथ नसेल, पण 6-7 पासून 20-22 पर्यंतचे पाने ओळीने लावले तर 10-11 चा पाना गाडीखाली राहिलाय हे ड्रॉवर बंद करतानाच कळेल.

तुम्ही अर्ध्याहून जास्त काम केलं आहे. फोटोतल्या कडा पॉलिश पेपरने घासलेल्या दिसतात, तेवढं बरेच जण करत नाहीत. एकदा ड्रॉवर रुळावरून काढून दुकानात घेऊन या, जाळी आणि तुमचा सर्वांत लांब पानाही आणा. दुपारी गर्दी कमी असते. लांब पडलेली पट्टी तोंडाच्या मापाची करून देतो, एमडीएफच्या जागी प्लायची पट्टी देतो, दोन्हींचे पैसे नकोत. खाचा मात्र तुम्हीच पाडायच्या. आमच्या बाकावर पटाशी, गुण्या, शिकंजा सगळं आहे, मी शेजारी उभा राहीन.