सुभेदारांची साडेसाती

आमच्या कुत्र्याचं नाव सुभेदार. इंदुरात राहून कुत्र्याला टॉमी म्हणणं वडिलांना पटण्यासारखं नव्हतं, आणि मल्हारराव म्हणायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा नुसत्या हुद्द्यावर भागवलं. परिणाम असा की घरात त्यांना कुणी अरे-तुरे करत नाही. ‘सुभेदार, उठता ना?’ असं रोज सकाळी अदबीने विचारलं जातं. सुभेदार उठत नाहीत. वय ११, जात लॅब्राडॉर, रंग काळाकुळकुळीत आणि मागचे दोन्ही खुबे धरलेले.

उठणं हा आता कार्यक्रम असतो. आधी पुढचे पाय रोवायचे, जरा दम घ्यायचा, मग मागचा भाग वर आणायचा. तो अर्ध्यावर येतो तोच खालची फरशी दगा देते. ही फरशी आमच्या सौ.नी मागच्या दिवाळीला हौसेने बसवून घेतली. चेहरा दिसतो तिच्यात. पाय मात्र ठरत नाही. त्यामुळे आता बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत योगासनांच्या चटया, आजोबांच्या वेळची सतरंजी आणि रबरी पायपुसणी असा अखंड रस्ता अंथरलाय. सौ.च्या मावशी परवा आल्या, चटयांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘छान केलंत. क्लासची फी काय ठेवलीय?’ तळव्याला रबराचे ठिपके असलेले चार मोजेही मागवले होते. ते चढवल्यावर सुभेदार जागच्या जागी उभेच राहिले. आम्ही कौतुकाने फोटो काढायला मोबाइल शोधेपर्यंत त्यांनी एक मोजा खाल्ला.

डॉक्टर महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले, शांत गृहस्थ. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, ‘सांध्यांची झीज आहे. झालेली भरून येत नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं.’ गोळ्या लिहिल्या. नखं वाढली की पाऊल नीट टेकत नाही म्हणून तिथल्या तिथे नखं कापली. लांब फिरणं बंद, त्याऐवजी दिवसातून तीन छोट्या फेऱ्या. जिना बंद, चेंडू बंद. हे सगळं मी चटाचट लिहून घेतलं. मग ते म्हणाले, ‘आणि खरं औषध वजन. नऊ किलो उतरवा. पाठीवरून हात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.’

आमच्या घराण्यात बरगड्या हाताला लागणाऱ्या माणसाला टॉनिक देतात.

‘पण तो कायम भुकेला असतो हो,’ मी म्हटलं. त्यावर कळलं ते असं की २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्राडॉरच्या एका जनुकात बिघाड सापडला. साधारण चारांतल्या एका लॅब्राडॉरमध्ये तो असतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत धडपणे पोचत नाही. केंब्रिजवाले रात्री अकराला आमच्या सराफ्याच्या खाऊगल्लीत येऊन उभे राहिले असते तर हेच प्रमाण त्यांना माणसांतही मोजता आलं असतं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर जोडीजोडीने वाढवले, प्रत्येक जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी जेवण दिलं, तर कमी जेवणारे सुमारे दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरले. ही माहिती सुभेदारांसाठी होती. सौ.नी ती दोघांना लागू केली.

आईचं म्हणणं वेगळं. तिचेही गुडघे गेलेले, त्यामुळे या विषयात ती स्वतःला तज्ज्ञ समजते. ‘माझ्या गोळीतली अर्धी दे त्याला. मला वीस मिनिटांत उतार पडतो.’ मी सांगितलं, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नसतात, पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात. तिच्या गोळीतल्या डायक्लोफिनॅकवर तर जनावरांसाठी २००६ पासून आपल्याकडे बंदी आहे. ते दिलेली गुरं मेली की त्यांच्यावर जगणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन पटापट मरत होती. आईने गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘बरं आहे, आपल्यात जाळतात.’

वजन उतरवायचं तर आधी मोजायला हवं. त्रेचाळीस किलोचा कुत्रा उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, तर पुढचा एक्स-रे माझा निघेल. शेवटी कोपऱ्यावरच्या आटाचक्कीवाल्याला गळ घातली. तो भला माणूस पंधरवड्यातून एकदा काट्यावर रिकामं पोतं अंथरतो आणि सुभेदार गव्हाच्या दोन गोण्यांच्या मधे बसून वजन देतात. दळणाच्या रांगेतून हटकून कुणीतरी विचारतं, ‘क्या भाव दिया, भिया?’

वाटीने मोजलेलं जेवण, वर उकडलेला दुधी आणि गाजराचे तुकडे, असा महिनाभर कडक बंदोबस्त ठेवला. वजन ग्रॅमभरही हललं नाही. कारण बंदोबस्त घरात होता आणि राजेंद्रनगर घराबाहेर सुरू होतं. कोपऱ्यावरच्या काकू मारी बिस्किट देतात (‘मारीने काय होतंय?’), चौकीदार डब्यातली अर्धी रोटी देतो, पोह्याच्या गाडीवाला शेवेची मूठ सोडतो, आणि शेजारच्या भाभीजींकडे पहिली रोटी गाईची व शेवटची कुत्र्याची हा नेम त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलाय. यांच्यापैकी प्रत्येकाला मी हात जोडून समजावलं. प्रत्येकाने मान डोलावली, सुभेदारांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मी पाठ फिरवायची वाट पाहिली.

तरी हे किरकोळ. खरा घात शनिवारी होतो.

काळा कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन. शनी वाकडा गेला की शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीच्या तेलात माखलेली रोटी घालावी, हा उपाय इकडे घरोघरी ठाऊक. जुनी इंदूरच्या शनिमंदिरात तेल वाहून झालं की माणूस काळा कुत्रा शोधत निघतो. आता आमच्या भागातल्या काळ्यांपैकी एकाचा पाय पांढरा, दुसरा रोटीसकट बोटं घेतो. निखळ काळा, न चावणारा आणि वर पंजा पुढे करून दान स्वीकारणारा एकच. पायाने अधू असल्यामुळे पळूनही जात नाही.

समोरच्या भाईसाबांच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा अडला होता. पंडितजींनी सात शनिवार सांगितले. मी पाचव्या शनिवारी फाटकात आडवा उभा राहिलो, डॉक्टरांचा कागद दाखवला. भाईसाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘भिया, पाँच हो गए, दो के लिए मत रोको। बच्चे का सवाल है।’ एका बाजूला सुभेदारांचे खुबे, दुसऱ्या बाजूला एका मुलाचं आयुष्य! मी बाजूला झालो. आणि दुर्दैव असं की व्हिसा आला.

त्यानंतर सुदामानगरहून लोक स्कूटरवर यायला लागले. कुणाचं लग्न अडलेलं, कुणाचा प्लॉट, एकाची नुसतीच बदली. ज्या सुभेदारांना एरवी उठायला पाव तास लागतो, ते शनिवारी स्कूटरचा आवाज आला की फाटकाशी सगळ्यांच्या आधी हजर. मला तर शंका आहे की त्यांना वार कळतात. चक्कीवर काटा चव्वेचाळीसवर गेला. डॉक्टरांना खरं कारण सांगावं तर ते मला कुठे पाठवतील याची खात्री नव्हती.

एका दुपारी त्यांना उन्हात झोपलेलं पाहताना मला सुचलं. म्हातारपणाने सुभेदारांचं तोंड पार पांढरं झालंय. भुवया, हनुवटी, गाल, सगळं. पुढच्या शनिवारी मी स्वतःच फाटक उघडलं आणि जमलेल्यांना नम्रपणे विचारलं, ‘देखिए, अब ये पूरा काला कहाँ रहा? उपाय लगेगा क्या?’ लोक चपापले. दोघांनी तिथूनच पंडितजींना फोन लावले. त्या दिवशी सगळ्या रोट्या परत गेल्या. सुभेदार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसले, पण पुढच्या पंधरवड्यात चक्कीवाल्याने मान हलवत सांगितलं, ‘डेढ़ किलो कम।’ जिन्याखालून उठताना त्यांचा मागचा भाग पहिल्या झटक्यात वर आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मंगळवारी सकाळी घंटी वाजली. बाहेर एक अनोळखी बाई, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेली रोटी. ‘वो दो रंग वाला डॉगी यहीं है ना?’

पंडितजींनी तोवर निवाडा दिला होता. अंग काळं आणि तोंड पांढरं, म्हणजे दुरंगी कुत्रा. हा तर केतूचा उपाय, आणि केतूला मंगळवार चालतो. शनिवारवालेही परतले, कारण मानेच्या मागचा सगळा भाग अजून शनीचाच आहे असं त्यांना सांगण्यात आलं. मी आईकडे तक्रार केली. तिने शांतपणे आठवण करून दिली की अमृताच्या पंगतीत विष्णूने ज्या राक्षसाचं मुंडकं उडवलं, त्याचं डोकं तो राहू आणि उरलेलं धड तो केतू. म्हणजे ज्याला स्वतःला तोंडच नाही, त्याच्या नावाचंही दर मंगळवारी आमचे सुभेदारच जेवतात.